हात लांब राहू देत

हॅमर, म्हणजे तारेला बांधलेला गोळा फिरवून लांब फेकायची हातोडाफेक, शिकायला आलेलं कुठलंही पोर पहिल्याच दिवशी एक गोष्ट न शिकवता करतं, ते ओढतं. हँडल हातात आलं, गोळा डोक्याभोवती एकदा फिरला आणि तारेतला ताण जाणवला की लगेच कोपर वाकतं, खांदे कानाला लागतात, मान ताठ होते आणि ते पोर सगळा जीव काढून त्या गोळ्याला आपल्याकडे खेचायला लागतं. त्यात त्याचा काही दोष नाही, आपल्याला कुणी जोरात खेचलं तर आपण उलटं खेचणारच. पण हातोडाफेकीचं माझं सगळं कोचिंग, म्हणजे अगदी मांगरातल्या आमच्या जिममध्ये लोखंडी बार उचलायला शिकवण्यापासून ते सर्कलमधल्या, म्हणजे फेकायच्या वर्तुळातल्या, शेवटच्या टर्नपर्यंत (गिरकीपर्यंत), हे ओढणं सोडवण्यासाठीच चाललेलं असतं. आणि ते सुटायला ताकद लागते, भरपूर लागते, हे पालकांना, शाळेतल्या सरांना आणि कधीकधी खुद्द मुलींना पटवता पटवता माझा घसा सुकतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी आकडे बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. पुरुषांचा हॅमर ७.२६ किलोचा, बायकांचा ४ किलोचा, आणि अठरा वर्षांखालच्या मुलींचा ३ किलोचा. ऐकायला हे वजन काहीच वाटत नाही, बाजारातनं येताना आपण याहून जास्त आणतो. पण हे वजन सव्वा मीटरपेक्षा थोडं कमी लांबीच्या तारेच्या टोकाला असतं आणि गोल फिरत असतं. ऐंशी मीटरची फेक करणाऱ्या पुरुषाच्या हातनं गोळा सुटतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला २८ मीटरच्या आसपास असतो. त्या क्षणी तो गोळा माणसाला बाहेर किती खेचतो याचं गणित शाळेतलंच आहे, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, आणि उत्तर येतं जवळजवळ ३०० किलो वजनाइतकं. आमच्याकडची एखादी मुलगी ४ किलोचा हॅमर ५० मीटर टाकायला लागली तर तिला शेवटच्या टर्नमध्ये साधारण ११५ किलोचा ताण झेलावा लागतो, आणि तिचं स्वतःचं वजन असतं पंचावन्न. आता ही मुलगी हाताने ओढून त्याला काय थांबवणार? दंडाच्या स्नायूंची ती लढाईच नाही. तिने करायचं ते एवढंच की हात पूर्ण लांब सोडायचे, दोरीसारखे, आणि कंबर-मांड्या-पाठ गोळ्याच्या विरुद्ध दिशेला बसवायच्या.

हे मला पुस्तकात कळायच्या आधी किनाऱ्यावर कळलं होतं, पण तेव्हा त्याचा उपयोग काय ते माहीत नव्हतं. आमच्याकडे मालवणच्या बाजूला अजून काही ठिकाणी रापण लागते. होडीतनं जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगा करून माणसं ती ओढतात. लहानपणी आम्ही पोरंपण मध्ये घुसायचो, आणि नवीन पोर हाताने ओढायला लागलं की म्हातारी माणसं ओरडायची, "हातान ओढू नको गो, हात फक्त धरूक. कंबार मागे टाक आणि पायान मागे जा. असा ओढलंस तर सांजेपर्यंत टिकाचंस नाय." बघा, त्या रांगेतल्या कुठल्याही मुरलेल्या माणसाकडे नीट बघा, हात सरळ, खांदे खाली, ढोपरं थोडी वाकलेली, बूड मागे, पाठ सरळ, आणि सगळं वजन टाचांवर. हॅमरच्या डबल सपोर्टमधली, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर असतानाची, जी पोझिशन मी मुलींकडनं घोटवून घेते ती जवळजवळ हीच. फरक एवढाच की रापणीत जाळं हळूहळू येतं आणि इथे गोळा दोन सेकंदांत चार फेऱ्या मारतो, आणि त्या फिरण्यात ही बैठक टिकवायची असते.

ज्यांनी कधी हॅमर पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर्कल २.१३५ मीटर व्यासाचं, गोळाफेकीचं असतं तेवढंच. उजव्या हाताची फेकणारी पाठ करून उभी राहते, डाव्या हातात ग्लोव्ह, त्यावर उजवा हात, डोक्याभोवती दोन स्विंग, मग तीन किंवा चार टर्न, आणि डाव्या खांद्यावरनं रिलीज. टर्न म्हणजे डावा पाय जमीन न सोडता आधी टाचेवर आणि मग चवड्यावर फिरतो, उजवा पाय उचलून पुन्हा खाली येतो. गोळ्याला वेग मिळतो तो मुख्यतः दोन्ही पाय जमिनीवर असताना, म्हणून उजवा पाय जितका लवकर खाली येईल तितकं चांगलं. पहिल्या टर्नला गोळ्याची कक्षा जवळजवळ आडवी असते, मग हळूहळू तिरकी होत जाते आणि शेवटी गोळा ४० अंशांच्या आसपास सुटतो. बाकी सगळं याच्यावरचं बारीक काम, जे आयुष्यभर पुरतं.

आणि आता हात लांब का, तर वेग म्हणजे फिरण्याची गती गुणिले त्रिज्या. समजा फिरण्याची गती तीच ठेवली आणि कोपरं वाकवून, खांदे आखडून जी त्रिज्या १.७ मीटर झाली होती ती हात सोडून १.८ केली, तर वेग सहा टक्क्यांनी वाढतो. पण अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं, त्यामुळे कागदावर तरी ५० मीटरची फेक ५६ मीटर होते. सहा मीटर, एक किलोही जास्त न उचलता! मी हे गणित प्रत्येक नवीन मुलीला वहीत करायला लावते, कारण नुसतं "हात लांब ठेव" म्हणून ओरडण्यापेक्षा तिने स्वतः भागाकार केला की तिला ते आपलं वाटतं.

मग ताकद कशाला, असं मुली विचारतात, आणि प्रश्न बरोबर आहे. ताकद याच्यासाठी की ११५ किलोचा ताण आला तरी पाठ गोल होऊ नये, ढोपरं कोसळू नयेत आणि मुख्य म्हणजे मनाला भीती वाटू नये. कमकुवत पोर हात आखडतं ते मूर्ख म्हणून नाही, ते गोळ्याच्या ताकदीला घाबरतं म्हणून. पाय आणि पाठ भक्कम असली की शरीर आपोआप हात सोडायला तयार होतं. मी हे इतक्या मुलींमध्ये पाहिलंय की मला त्यात शंका नाही, ज्या मुलीला वर्षभर सांगून हात सोडता येत नव्हते तिच्या डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरनं बार उचलण्याला, थोडं बळ आलं आणि एका पावसाळ्यानंतर ते आपसूक झालं.

आमचा मांगर म्हणजे आमची जिम. पूर्वी त्यात गवत, नांगर, माडाच्या झावळ्या असायच्या, आता एक बार, थोड्या प्लेट्स, रबरी मॅट आणि कोपऱ्यात दोन स्टँड. जून ते सप्टेंबर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, पाय ठेवायची सोय नसते, एवढा पाऊस, म्हणून ताकदीचं मोठं काम याच महिन्यांत. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका), फ्रंट स्क्वॉट (तेच, बार पुढे धरून), डेडलिफ्ट, मग ज्यांचं तंत्र बसलंय त्यांना पॉवर क्लीन आणि हँग स्नॅच, म्हणजे बार झटक्यात खांद्यापर्यंत किंवा डोक्यावर नेणं. नवीन मुलीला आधी काठीवर, मग रिकाम्या बारवर, आणि पाठ सरळ राहते हे मला दोन्ही बाजूंनी दिसल्याशिवाय प्लेट चढत नाही. शिवाय उड्या, आणि गोळाफेकीचा गोळा दोन्ही हातांनी डोक्यावरनं मागे फेकणं, हा व्यायाम मला फार आवडतो, कारण यात लबाडी करताच येत नाही, पाय-कंबर-पाठ एका पाठोपाठ एक उघडली तरच गोळा लांब जातो, आणि पोरांना मोजायला पण मजा येते. प्लेट घेऊन अंग वळवायचे व्यायाम करतो पण जपून, कमरेच्या मणक्यातनं नाही तर खुब्यातनं आणि छातीतनं वळायचं. आणि हॅमरवाल्या सगळ्या एकाच बाजूला फिरतात, म्हणून रोज थोडे उलट्या बाजूचे स्विंग आणि उलटे टर्न ठेवलेत, नाहीतर काही वर्षांत अंग एका बाजूला घट्ट होतं आणि कंबर तक्रार करायला लागते.

यात आपल्याकडचं वेळापत्रक पण बघावं लागतं, जे कुठल्या परदेशी प्रोग्राममध्ये लिहिलेलं नसतं. जुलैमध्ये लावणी असते, मुली दिवसभर चिखलात वाकून तरवा लावतात आणि संध्याकाळी माझ्याकडे येतात. त्या आठवड्यांत मी डेडलिफ्ट जवळजवळ बंद करते, पाठीने आधीच आपला कोटा पूर्ण केलेला असतो, त्याऐवजी उड्या, हलका फ्रंट स्क्वॉट, ड्राय टर्न, म्हणजे हॅमर हातात न घेता टर्न. लावणी म्हणजे ट्रेनिंगच, असं म्हणणारेही भेटतात, पण तासन्‌तास वाकून राहणं आणि एका झटक्यात उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीने दुसरी येत नाही. गणपतीत आठवडाभर कोणी येत नाही, ते मी गृहीतच धरते आणि त्याच्या आधीचे दोन आठवडे जड ठेवते, म्हणजे सुट्टी विश्रांतीच्या जागी बरोबर बसते.

पालकांचा एक प्रश्न ठरलेला. "मॅडम, एवढं वजन उचलून तिची उंची थांबणार नाही ना?" नाही थांबत. नीट शिकवलेलं, कोणाच्या तरी नजरेखाली केलेलं वजनाचं ट्रेनिंग वाढत्या वयातल्या मुलांची उंची थांबवत नाही, उलट हाडांना ते चांगलंच असतं. धोका असतो तो घाईचा आणि चुकीच्या तंत्राचा. दुसरा प्रश्न खाण्याचा, आणि तिथे कोकण श्रीमंत आहे, बांगडे, पेडवे, अंडी, कुळथाची पिठी, उकडा भात, याच्यावर फेकणारी मुलगी उत्तम वाढते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा सुकी मासळी आणि कडधान्यं वाढवायची. डब्यातली पावडर कोणी गावातल्या दुकानातनं आणून दिली तर घ्यायची नाही, हे मी अगदी कडक सांगते, कारण त्यात काय मिसळलंय हे ना दुकानदाराला माहीत असतं ना आपल्याला, आणि डोपिंग टेस्टमध्ये जबाबदारी त्या पोरीचीच धरतात.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. मांगरातले आकडे माणसाला भुरळ घालतात. स्क्वॉट वाढला की दिसतो, फळ्यावर लिहिता येतो, घरी सांगता येतो, फोनमध्ये व्हिडिओ काढता येतो. टर्नमध्ये उजवा पाय थोडासा लवकर खाली आला हे कोणाला दिसत नाही. म्हणून मुली आणि त्यांचे कोच दोघेही हळूहळू बारच्या मागे लागतात. सुरुवातीच्या वर्षांत ते चालतं पण, कारण नवीन पोराचा स्क्वॉट वाढला की फेक वाढतेच. पण एका पातळीनंतर ते नातं सैल होत जातं, स्क्वॉट वाढत राहतो आणि फेक जागच्या जागी थांबते.

हे सगळ्यात स्पष्टपणे मांडलं ते अनातोली बोंदारचुक यांनी. ते सोव्हिएत संघाचे, स्वतः १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकचे हॅमर चॅम्पियन, आणि नंतर कोच म्हणून त्याहून मोठे झाले. त्यांनी व्यायामांची चार गटांत वाटणी केली: अंग एकंदर तयार करणारे, खेळाला लागणारे स्नायू वापरणारे पण हालचाल वेगळी असलेले, खेळाची हालचाल किंवा तिचा तुकडा वेगळ्या भाराने करणारे, आणि प्रत्यक्ष स्पर्धेतली हालचाल. जसजसा खेळाडू वर चढतो तसतसा पहिल्या गटाचा फेकीवरचा परिणाम कमी होतो आणि शेवटच्या दोन गटांचा वाढतो. म्हणजे मोठ्या झालेल्या खेळाडूची खरी वेटलिफ्टिंग ही सर्कलमध्येच होते, जड हॅमर, हलका हॅमर, आखूड तारेचा हॅमर. आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे तेच करतो. ४ किलो टाकणारीला ५ किलोचा, तार थोडी आखूड करून, आणि वेग कळावा म्हणून ३ किलोचा. फार जड नाही द्यायचा, कारण फार जड गोळा टर्न मंद करतो आणि मग ती मंद लयच अंगात बसते. बारपेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण ताकद जिथे वापरायची तिथेच ती वाढते.

बोंदारचुक यांचा सगळ्यात प्रसिद्ध शिष्य युरी सेदिख. ३० ऑगस्ट १९८६, स्टुटगार्ट, युरोपियन चॅम्पियनशिप, ८६.७४ मीटर. हा विश्वविक्रम अजून तसाच आहे. त्याच फायनलमध्ये सर्गेई लित्विनोव्हने ८५.७४ टाकले आणि दुसरा आला, बरोबर एक मीटर कमी. सेदिख तीन टर्न घ्यायचा, लित्विनोव्ह चार. मी हे व्हिडिओ मुलींना आवाज बंद करून, हळू करून दाखवते आणि एकच सांगते, सेदिखचे खांदे बघा. एवढा ताण असताना त्याचे खांदे सैल आहेत, हात पूर्ण बाहेर गेलेले, डोळे गोळ्यावर, आणि कुठेही तो ओढताना दिसत नाही. एवढा बलवान माणूस आणि ताकद दाखवायचा कुठे प्रयत्नच नाही! मला ते दर वेळी पाहताना आत काहीतरी हलतं, खरंच.

दुसरा माझा लाडका जपानचा कोजी मुरोफुशी. बाप शिगेनोबू मुरोफुशी, एशियन गेम्समध्ये हॅमरची पाच सुवर्णं घेतलेला, आणि मुलगा त्याच्याही पुढे गेला, सर्वोत्तम फेक ८४.८६ मीटर, २००४ चं अथेन्सचं सुवर्ण. ते सुवर्णपण त्याला उशिरा मिळालं, पहिल्या आलेल्या हंगेरीच्या आद्रियान आनुशचं पदक डोपिंगच्या नियमांत काढून घेतल्यावर. पण मला तो आवडतो तो त्याच्या शरीरामुळे, शंभर किलोच्या आसपासचा माणूस, या खेळातल्या इतर पहिलवानांपुढे बारीकच. आणि ट्रेनिंगमध्ये तो काय करायचा, तर खांद्यावरच्या बारला दोन्ही बाजूंनी हॅमर लटकवायचा आणि ते झुलत असताना स्क्वॉट करायचा. म्हणजे वजन स्थिर नाही, ते हलतंय, आणि त्याच्या लयीशी तुम्हाला जुळवून घ्यावं लागतंय. हॅमरमधली ताकद म्हणजे हीच, हलणाऱ्या वजनाबरोबर राहता येणं. आमच्या मोठ्या मुलींनी रिकाम्या बारला वाळूच्या छोट्या पिशव्या दोरीने बांधून हे करून पाहिलं आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मॅडम, पोटाच्या बाजू पेटल्या.

आपल्याकडे हॅमर म्हटलं की लोक विचारतात, भारतात कोण खेळतं हे? मी म्हणते, भीम! दूरदर्शनवरच्या महाभारतात भीम झालेले प्रवीण कुमार सोबती. १९६६ आणि १९७० च्या एशियन गेम्समध्ये थाळीफेकीचं सुवर्ण, १९६६ लाच तिथे हॅमरचं कांस्य, आणि त्याच वर्षी जमैकातल्या किंग्स्टनच्या कॉमनवेल्थ स्पर्धेत हॅमरचं रौप्य. गदा घेतलेला माणूस सगळ्यांना आठवतो, हॅमरवाला कोणालाच नाही. २०२२ मध्ये ते गेले तेव्हाही बहुतेकांनी भीमच आठवला. मला ते लागलं, कारण आमच्या वर्गातल्या मुलींना आपल्याच देशात एवढा मोठा हॅमरवाला होऊन गेला हे शाळेत कोणी सांगत नाही.

टेक्निक शिकवताना मी शब्द फार कमी वापरायला लागलेय. फिरत असलेल्या पोरीला एका वेळी एकच गोष्ट ऐकू येते, तीही आली तर. म्हणून एक दिवस एकच सूचना. आज फक्त "गोळा बघ", उद्या फक्त "उजवा लवकर". हॅमर हातात द्यायच्या आधी शाळेच्या पडवीत खडूने रेघ मारून तिच्यावर ड्राय टर्न, टाच-चवडा, टाच-चवडा, रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पावसात तर हेच चालतं, बाहेर पागोळ्या आणि आत बुटांचा आवाज. मग जाळीच्या पिशवीत मेडिसिन बॉल घालून स्विंग. मग स्विंग-टर्न-स्विंग-टर्न, हे मला सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण टर्नमध्ये गोळा मागे राहिला, हात आखडले, काही बिघडलं, तर पुढच्या स्विंगमध्ये ते सुधारायला वेळ मिळतो, रिलीजची घाई नसते. फेकायची घाई फार वाईट. रिलीजला जोर लावायचा म्हणून मुली शेवटच्या टर्नला डोकं मागे टाकून ओढतात आणि आधीच्या तीन टर्नमध्ये कमावलेलं सगळं तिथे घालवतात. म्हणून आमच्याकडे बरेच दिवस असे असतात की कोणी टेप काढायचीच नाही, किती गेली हे बघायचं नाही, फक्त लय. मुलींना ते आवडत नाही, मला माहितेय, पण मी ऐकत नाही.

जागेचं म्हणाल तर सड्यावरचं मैदान सुंदर, समुद्र दिसतो, वारा असतो, पण खाली जांभा. कातळावर गोळा पडला की उडतो, तार मुरडते, हँडल वाकतं. म्हणून भात कापल्यावर खाली मळ्यात उतरतो, तिथली माती मऊ, गोळा रुततो आणि तिथेच थांबतो. मालकाची अट एकच, संध्याकाळी सगळे खड्डे बुजवायचे, आणि मुली ते इमानाने करतात. सर्कल गावच्या गवंड्याकडनं करून घेतलं, काठापेक्षा २ सेंटीमीटर खाली, आणि पाणी जायला भोकं ठेवून, हे नियमातही आहे आणि आपल्याकडे तर त्याशिवाय गतीच नाही. पावसाळ्यानंतर त्यावर हिरवं शेवाळ धरतं, ते खरवडून, घासून काढल्याशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही. काँक्रीट फार गुळगुळीत झालं तर पाय घसरतो आणि फार खरखरीत राहिलं तर टाच फिरत नाही, ढोपर पिळलं जातं, ही मधली जागा सापडायला वेळ लागतो.

आणि तार. खाऱ्या हवेत तार फार लवकर गंजते, इथे किनाऱ्यावर काम करणाऱ्या प्रत्येक कोचने हे डोक्यात ठेवावं. रोज सुरुवातीला तार बोटांनी चाचपायची, हँडलजवळच्या आणि गोळ्याजवळच्या वेढ्याकडे खास बघायचं, कुठे मुरड, कुठे गंजाचा डाग दिसला की ती तार बाद, पैशांचा विचार करायचा नाही. घरी नेताना कोरडी पुसून तेलाचा हात. केजबद्दल, म्हणजे सर्कलभोवतीच्या संरक्षक जाळीबद्दल, तर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. नियमाप्रमाणे केज अशी हवी की सेकंदाला ३२ मीटर वेगाने येणारा ७.२६ किलोचा गोळा तिने अडवला पाहिजे. बांबू रोवून जुनं मासेमारीचं जाळं लावलं म्हणजे केज झाली, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय, आणि असल्या जाळ्याच्या मागे पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेली असतात. ते बघून माझ्या छातीत धस्स होतं. ज्यांच्याकडे खरी केज नाही त्यांनी पूर्ण टर्नची फेक करूच नये, स्विंगवरच्या फेका, ड्राय टर्न, मेडिसिन बॉल एवढ्यावर थांबावं आणि महिन्यातनं जमेल तसं केज असलेल्या मैदानावर पोरांना न्यावं. आम्ही तेच करतो, एसटीने, हॅमर पिशवीत, आणि कंडक्टर दर वेळी विचारतो हे काय आहे, मुली आता स्वतःच समजावून सांगतात. स्पर्धेसाठी चिपळूणजवळ डेरवणच्या क्रीडासंकुलात गेलो की तिथलं नीट मैदान बघून त्यांचे चेहरे असे उजळतात की वाटतं, असं एक तरी आपल्या तालुक्यात हवं.

मुलींचा हॅमर ऑलिम्पिकमध्ये आला तो २००० साली, सिडनीत. पुरुषांचा १९०० पासून होता, म्हणजे शंभर वर्षं बायकांना हे जमणार नाही असंच धरून चालले होते. आणि पहिलं सुवर्ण कोणाला, तर पोलंडच्या कामिला स्कोलिमोव्स्काला, वय १७! आमच्या वर्गातल्या थोरल्या मुलीच्या वयाची. कामिला २००९ मध्ये फार लवकर गेली. पुढे पोलंडच्याच अनिता व्लोदार्चिकने लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णं घेतली, २०१६ मध्ये ८२.९८ मीटरचा विश्वविक्रम केला, वॉर्सात, कामिलाच्याच स्मरणार्थ होणाऱ्या स्पर्धेत, आणि ती कामिलाचा ग्लोव्ह घालून फेकायची. हे मी पहिल्यांदा मुलींना सांगितलं तेव्हा मांगरात कोणी काही बोललं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपले ग्लोव्ह जमिनीवर टाकायचं बंद केलं.

आमची ती थोरली यंदा अठरा पूर्ण करतेय, म्हणजे ३ किलोवरनं ४ वर जायचं. हा बदल सगळ्यांना जड जातो, फेक एकदम खाली येते आणि पोरगी खचते, म्हणून तिला मी आधीच सांगून ठेवलंय की दिवाळीपर्यंत टेप निघणार नाही. पावसाळ्यात स्क्वॉट फार चढवायचा नाही, तो पुरेसा आहे, त्याऐवजी क्लीन, मागे फेकायचे गोळे आणि बारला झुलत्या पिशव्या. ४ किलोचा गोळा पहिले दोन महिने फक्त दोन टर्नवर, कारण चार टर्नला वेग वाढला की ती पुन्हा ओढायला लागेल हे मला दिसतंय. दोन टर्नवर हात लांब राहिले की तिसरा, तिसऱ्यावर राहिले की चौथा. तिला विचारलं, चालेल? म्हणाली, चालेल मॅडम, पण ३ किलोचा पण अधूनमधून द्या, वेग विसरायला होतं. बरोबर बोलली, ते मी तक्त्यात घातलंय, दर शनिवारी.